औषध बदलण्याआधी मेंढीचा डोळा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: 70 मेंढ्यांचा कळप आहे. दर दोन महिन्यांनी सगळ्यांना जंताचं औषध पाजलं जातं. अल्बेंडाझोल लागू पडेना म्हणून फेनबेंडाझोल सुरू केलं. तरीही पाऊस लागला की काही मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी भरतं, त्या मागे पडतात आणि मरतात. मागच्या महिन्यात तीन चांगली भरलेली कोकरं एका रात्रीत गेली. सात-आठ मेंढ्या लंगडतात. नवा मेंढा आणायचा विचार आहे. आता कोणतं औषध द्यावं?

तुम्ही चार वेगळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या आहेत. आधी त्या सोडवून घेऊ. जबड्याखालचं पाणी बहुधा जंतांचं काम. एका रात्रीत गेलेली कोकरं बहुतेक आंत्रविषाराची. लंगडणं खुरांचं. आणि नवा मेंढा म्हणजे अजून दारात न आलेलं दुखणं. या चारहींना पुरून उरेल असं एक औषध कुठेच मिळत नाही, आणि ते शोधण्यातच मेंढपाळाचे पैसे आणि मेंढ्या दोन्ही जातात. म्हणून कोणतं औषध हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा.

सुरुवात जंतांपासून करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे आहे.

मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा हिमोन्कस नावाचा जंत रक्त पितो. मादी दोन-तीन सेंटीमीटर लांब असते. तिच्या लाल आतड्याभोवती पांढऱ्या अंडनलिकेचा पीळ असतो, त्यामुळे पोट उघडल्यावर ती लाल-पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त खातो. आकडा किरकोळ वाटतो, पण हजार जंत असले तर रोज 50 मिली झालं, आणि 30 किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असतं जेमतेम दोन लिटर. पाच हजार जंत झाले की मेंढी हाडामांसाने ठीक दिसतानाच कोसळते. रक्तातली प्रथिनं कमी झाली की पाणी अंगात झिरपतं. चरताना मान खाली असते, म्हणून ते जबड्याखाली साठतं. या जंताने हगवण लागत नाही. लेंड्या घट्ट आहेत म्हणजे जंत नाहीत, असं समजून बसलेले अनेक जण मी पाहिले आहेत. शेपटीखाली घाण लागते ती आतड्यातल्या दुसऱ्या बारीक जंतांमुळे, किंवा अचानक कोवळं गवत मिळाल्यामुळे.

एक मादी दिवसाला पाच हजार किंवा त्याहून जास्त अंडी टाकते. ऊब आणि ओल मिळाली की आठवडाभरात त्यांच्यातून संसर्ग करणाऱ्या अळ्या तयार होतात आणि पाण्याच्या पातळ थराबरोबर गवताच्या पात्यावर चढतात. मेंढीने ते गवत खाल्लं की तीन आठवड्यांत त्या अळ्या स्वतः अंडी टाकू लागतात. म्हणजे पावसात एक पिढी महिन्याभरात उभी राहते. तुमचं औषध दोन महिन्यांनी येतं, तोवर दोन पिढ्या होऊन गेलेल्या असतात. मग महिन्याला द्यावं का? नाही. तिथेच तर सगळं बिघडतं.

अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही एकाच घराण्यातली औषधं आहेत. बाटली बदलली, रंग बदलला, जंताच्या दृष्टीने काही बदललं नाही. एकाला न जुमानणारा जंत सहसा दुसऱ्यालाही जुमानत नाही. या घराण्यातलं पहिलं औषध, थायबेंडाझोल, 1961 मध्ये बाजारात आलं, आणि 1964 पर्यंत त्याला दाद न देणारे जंत मेंढ्यांमध्ये सापडले होते. दुसऱ्या घराण्यातलं आयव्हरमेक्टिन 1981 मध्ये आलं, त्याचंही पुढे तेच झालं. 2009 मध्ये मोनेपॅन्टेल आलं तेव्हा खूप आशा होती, पण काही वर्षांतच त्यालाही पुरून उरलेले जंत नोंदवले गेले. नवीन घराणी वारंवार निघत नाहीत. हातात आहेत ती जपून वापरावी लागतात.

मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं अगदी शिस्तीत चूक केली. सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजायचं आणि दुसऱ्या दिवशी ताज्या, न चरलेल्या रानात न्यायचं. स्वच्छ मेंढ्या, स्वच्छ रान, याहून चांगलं काय असणार असं वाटायचं. पण औषधातून जे मोजके जंत वाचले, ते औषध पचवणारेच होते. ताज्या रानात अंडी पडली ती फक्त त्यांची. तीन-चार हंगामांत मी त्या रानात निवडून काढलेल्या जंतांचं बियाणं पेरून ठेवलं होतं. पाचव्या वर्षी औषध पाजलं काय आणि पाणी पाजलं काय, फरक पडेना. त्या पावसात गेलेल्या मेंढ्या मला आजही एकेक करून आठवतात.

त्यानंतर पद्धत उलटी केली. कळपातल्या सगळ्या मेंढ्यांत जंत सारखे नसतात. ढोबळमानाने पाचातली एक मेंढी कळपातले बहुतेक जंत पोसते आणि बाकीच्यांना थोडेसे असतात, जे त्यांना झेपतात. जिला गरज आहे तिलाच औषध द्यायचं आणि बाकीच्यांना तसंच ठेवायचं. न दिलेल्या मेंढ्यांच्या लेंड्यांतून औषधाला अजून बळी पडणारे जंत रानात पडत राहतात, आणि मुरलेल्या जंतांची संख्या त्यांच्यात पातळ होते. ऐकायला विचित्र वाटेल, पण रानात थोडे साधे जंत शिल्लक राहणं हीच औषधाची शिल्लक आहे.

गरज कुणाला, हे डोळा सांगतो. दक्षिण आफ्रिकेतले पशुवैद्य फाफा मलान यांच्या नावावरून ओळखला जाणारा ‘फामाचा’ (FAMACHA) तक्ता यासाठी आहे. वरच्या पापणीवर अंगठ्याने हलका दाब देऊन डोळा मिटवायचा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढायची आणि आतली त्वचा तक्त्यातल्या पाच रंगांशी ताडून बघायची. 1 म्हणजे लालभडक, 5 म्हणजे कागदासारखी पांढरी. 4 आणि 5 ला औषध लगेच. 3 असेल तर कोकरू, दूध पाजणारी, शेवटच्या दिवसांतली गाभण किंवा हाडकुळी मेंढी असल्यास द्या, धडधाकट भाकड मेंढी असल्यास थांबा. बघायचं ते उघड्यावर, दिवसाच्या उजेडात आणि झटकन. पापणी फार वेळ धरून ठेवली की ती लाल होते आणि फसवते. ऊब आणि पाऊस असताना दर दोन आठवड्यांनी बघा. दोन माणसांना सराव झाला की 70 मेंढ्यांना तासभर पुरतो. दहापैकी एकाहून जास्त मेंढ्या 4-5 मध्ये आल्या तर 3 वाल्या सगळ्यांनाही औषध द्या आणि ते रान बदला.

एक सावधगिरी. पांढरा डोळा म्हणजे रक्त कमी आहे, एवढंच. ते रक्त यकृतातल्या पानासारख्या चपट्या कृमींनीही जातं आणि गोचिडांनीही जातं. दलदलीच्या किंवा साचलेल्या पाण्याच्या काठावर चरणारा कळप असेल तर चपट्या कृमींचा विचार आधी करा, कारण त्यांचा अर्धा जन्म तिथल्या छोट्या गोगलगाईत जातो. अल्बेंडाझोल फक्त वाढ झालेल्या चपट्या कृमींवर चालतं. यकृत पोखरणाऱ्या पिलांवर ट्रायक्लाबेंडाझोल लागतं. म्हणून मेलेल्या मेंढीचं शवविच्छेदन करून घ्या. चौथ्या पोटात दोऱ्यासारखे जंत आहेत की यकृतात भोकं आहेत, हे दहा मिनिटांत कळतं आणि वर्षभराची चाचपड थांबते.

आता औषध मुळात चालतं का, ते तपासा. दहा-पंधरा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या, थेट गुदद्वारातून काढलेल्या, प्रयोगशाळेत देऊन एका ग्रॅममागे अंडी किती ते मोजून घ्या. त्याच मेंढ्यांना वजन करून औषध द्या आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. अंडी 95 टक्क्यांहून कमी प्रमाणात घटली तर त्या घराण्याने तुमच्या रानात हात टेकले असं समजा. मग पशुवैद्यांना विचारून दुसरं घराणं निवडा: लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिनचं घराणं किंवा क्लोसॅन्टेल. क्लोसॅन्टेल रक्त पिणाऱ्या जंतांवर चांगलं आहे, पण जास्त झालं तर मेंढी आंधळी होते, तेव्हा अंदाजाने कधीच देऊ नका. दूध किंवा मांस विकत असाल तर औषधानंतर किती दिवस थांबायचं ते लेबलवर वाचा आणि पाळा.

पुष्कळदा औषध निर्दोष असतं, पाजण्यात खोट असते. वजन नजरेने ठरवलं जातं आणि नजर बहुधा कमी सांगते. कमी मात्रा ही जंताला दिलेली तालीमच आहे. काट्यावर वजन करा. ते जमत नसेल तर सारख्या अंगाच्या मेंढ्यांचे गट करून गटातल्या सर्वांत जड मेंढीचं वजन धरा. पाजायचं पिस्तूल वर्षानुवर्षं वापरून ढिलं पडतं. 10 मिली म्हणतं तेव्हा खरंच 10 मिली येतं का, ते मोजपात्रात सोडून बघा. नळी तोंडाच्या कडेने घालून जिभेच्या मुळापर्यंत न्या. औषध तोंडात पुढेच सोडलं तर पहिल्या पोटाला वळसा घालून सरळ चौथ्या पोटात उतरू शकतं आणि लवकर निघून जातं. मान वर ताणू नका, औषध श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाचा दाह होतो. अल्बेंडाझोलच्या घराण्याला आदल्या रात्रीचा चारा तोडल्याने जोर येतो. पण अशक्त आणि शेवटच्या दिवसांतल्या गाभण मेंढ्यांना उपाशी ठेवू नका, आणि पाणी कुणाचंच तोडू नका. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल टाळा, गर्भात व्यंग येऊ शकतं.

रानाचं म्हणाल, तर बहुतेक अळ्या गवताच्या खालच्या चार-पाच सेंटीमीटरमध्ये असतात. गवत बोटभर उरलं की कळप उचला. एका तुकड्यात ऊब-पावसात चार-पाच दिवसांहून जास्त ठेवू नका, नाहीतर आज टाकलेल्या अंड्यांच्या अळ्या त्याच मेंढ्या खातात. मग त्या तुकड्याला जितकी लांब विश्रांती देता येईल तितकी द्या. कडक उन्हात कोरड्या जमिनीवर अळ्या काही आठवड्यांत मरतात, थंड ओलसर हवेत महिनोन्महिने टिकतात. मोठी गुरं असतील तर मेंढ्यांमागून त्यांना त्या तुकड्यात चरू द्या. मेंढीचे बहुतेक जंत गुरांच्या पोटात तग धरत नाहीत. शेळ्यांच्या बाबतीत मात्र हे चालत नाही, त्यांचे आणि मेंढ्यांचे जंत तेच.

विण्याच्या सुमारास मेंढीची जंतांविरुद्धची ताकद ढिली पडते. विण्याआधी दोनेक आठवड्यांपासून ते नंतर सहा-आठ आठवड्यांपर्यंत ती भरमसाट अंडी टाकते, आणि नेमकी तेव्हाच अननुभवी पोटाची कोकरं तिच्यामागे चरायला शिकत असतात. या काळात आईला चांगली प्रथिनं द्या. पोसलेल्या मेंढीच्या अंगात जंत रोखण्याचं बळ असतं, हे मी आकड्यांनी मोजलेलं आहे. एकाच वयाच्या, एकाच रानातल्या मेंढ्या, पण पेंड मिळालेल्यांच्या लेंड्यांत अंडी स्पष्टपणे कमी. सर्वांत मोकळं, न चरलेलं रान कोकरांच्या वाट्याला ठेवा.

आता तुमची तीन कोकरं. सशक्त, दुधावर वाढलेली, संध्याकाळी उड्या मारणारी आणि सकाळी ताठ. जंत असं मारत नाहीत, आंत्रविषार मारतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचा डी प्रकार मेंढीच्या आतड्यात आधीपासून थोडा असतोच. एकदम धान्य, कोवळं हिरवं किंवा भरपूर दूध मिळालं की तो झपाट्याने वाढतो आणि विष सोडतो. कळपातलं सर्वांत खादाड, सर्वांत देखणं कोकरू आधी जातं ते म्हणूनच. उपचाराला वेळ मिळत नाही, लस हाच उपाय. आईला दरवर्षी विण्याआधी तीन-चार आठवडे टोचा, म्हणजे चिकातून संरक्षण कोकराला मिळतं. अशा कोकरांना दोन-तीन महिन्यांच्या वयात पहिली मात्रा आणि चार आठवड्यांनी दुसरी. दुसरी चुकवली तर पहिली जवळपास वाया जाते. आईला लस नसेल तर आणखी लवकर सुरुवात करावी लागते, ते पशुवैद्यांना विचारून ठरवा. खुराक वाढवायचा तर दहा-बारा दिवसांत थोडा थोडा वाढवा.

अचानक मेलेलं जनावर उघडण्याआधी मात्र एक क्षण थांबा. पोट लवकर फुगलंय, नाका-गुदातून काळपट, न गोठणारं रक्त आलंय, तर सुरी लावू नका. फाशीचा रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो आणि तो माणसाला होतो. जवळच्या सरकारी पशुवैद्यांना कळवा.

पीपीआर या मेंढ्या-शेळ्यांच्या साथीच्या विषाणूजन्य रोगाबद्दल वेगळं सांगतो, कारण तो आला की निम्मा कळप घेऊन जाऊ शकतो. ताप, डोळ्या-नाकातून पू, तोंडात फोड, मग हगवण आणि न्यूमोनिया. 1942 मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला गेला. त्याच्याच कुळातला गुरांचा बुळकांडी रोग लसीच्या बळावर 2011 मध्ये जगातून संपला, आणि पीपीआर 2030 पर्यंत संपवायचं जागतिक उद्दिष्ट आहे. लस एका टोचणीत निदान तीन वर्षं पुरते. ही लस न टोचणाऱ्या मेंढपाळाचा मला मनापासून राग येतो, कारण नुकसान त्याच्या एकट्याचं होत नाही. देवी आणि लाळ्या-खुरकुताची लसही तुमच्या भागातल्या वेळापत्रकाप्रमाणे घ्या. लस आजारी, तापलेल्या जनावराला नको आणि उन्हात तापलेल्या बाटलीतून तर नकोच.

लंगड्या मेंढ्यांचे पाय उचला आणि वास घ्या. दोन खुरांमधली कातडी लाल-ओली, नख मुळापासून सुटू लागलेलं आणि एक कुजका, विसरता न येणारा वास आला तर खूर सडतंय. याचा जिवाणू मेंढीच्या पायाबाहेर फार टिकत नाही, साधारण आठवडा-दोन आठवडे. म्हणजे आजारी पाय वेगळे काढले आणि वाडा दोन आठवडे रिकामा, कोरडा ठेवला तर साखळी तुटते. लंगड्या मेंढ्या आजच बाजूला घ्या. पशुवैद्यांकडून वजनाप्रमाणे प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्या, खूर खोलवर कोरू नका. रक्त येईपर्यंत नख कापायची जुनी सवय जखम लांबवते, हे आता नीट अभ्यासून सिद्ध झालं आहे. बाकी कळपाला दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट मिसळून त्यात काही मिनिटं उभं करा आणि नंतर तासभर कोरड्या जमिनीवर थांबवा. पुन्हा पुन्हा लंगडणारी मेंढी विकून टाका. एका दिवसात निम्मा कळप लंगडायला लागला आणि तोंडातून लाळ गळू लागली तर ते लाळ्या-खुरकूत आहे. तेव्हा कळप हलवू नका.

मोरचुदाचं पाणी पाय धुवायला काही जण वापरतात, मी वापरत नाही. मेंढीला तांबं सोसत नाही. ते यकृतात साठतं आणि एखाद्या ताणाच्या दिवशी रक्तात सुटून कावीळ होऊन मेंढी मरते. जंतांवर मोरचूद पाजण्याचा जुना उपायही याच कारणासाठी सोडा, आणि गुरांचं क्षारमिश्रण मेंढ्यांना घालू नका.

बाहेरच्या परजीवींपैकी खरूज सर्वांत चिवट. लोकर उपटली जाते, मेंढी खांबाला अंग घासते. त्याचा किडा अंगाबाहेर, कुंपणावर अडकलेल्या लोकरीत दोन आठवड्यांहून जास्त जगतो, म्हणून इथे माझा वरचा नियम उलटा होतो: एकीला खरूज असली तरी उपचार सगळ्या कळपाला, एकही मेंढी न सोडता.

कुत्र्यांचं कुणी विचारत नाही. मेंढी डोकं एका बाजूला झुकवून गोल गोल फिरत असेल तर तिच्या मेंदूत पाण्याची पिशवी असू शकते. ती येते कुत्र्याच्या पट्टकृमीच्या अंड्यांतून. मेलेल्या मेंढीचं डोकं, यकृत, फुप्फुस कुत्र्याला कच्चं कधीच घालू नका. राखणीच्या कुत्र्यांना दर सहा-आठ आठवड्यांनी वजनाप्रमाणे प्राझिक्वांटेल द्या. अशाच एका दुसऱ्या पट्टकृमीने माणसाच्या यकृतात गाठी होतात, तेव्हा हे घरातल्या लेकरांसाठीही करा.

राहिला मेंढा. तो आला की तीन-चार आठवडे वेगळा बांधा. पहिल्याच दिवशी दोन वेगळ्या घराण्यांची जंतनाशकं, पशुवैद्यांच्या सल्ल्याने, एकामागोमाग द्या. दोन दिवस गोठ्यात ठेवून त्या लेंड्या गोळा करून पुरा, आणि मग त्याला तुमच्या रोजच्या चरलेल्या रानात सोडा, ताज्या रानात नको. दोन आठवड्यांनी लेंड्या तपासा. पायाचे चारही खूर, लोकरीखालची कातडी, वृषणांत गाठ आहे का ते हाताने बघा. गाठ लागली तर ब्रुसेला या जिवाणूची तपासणी करून घ्या.

आणि घेण्याआधी त्याची पापणी खाली ओढून बघा. जंत सोसण्याची ताकद काही अंशी रक्तातून उतरते. पूर्व आफ्रिकेतल्या रेड मसाई मेंढ्या त्यासाठीच ओळखल्या जातात. तुमच्या कळपात पुढच्या तीन-चार वर्षांत जन्मणाऱ्या प्रत्येक कोकरात निम्मा वाटा या एका मेंढ्याचा असेल. विकणाऱ्याला विचारा की याला शेवटचं औषध कधी दिलं. मागच्या पावसाआधी दिलं होतं, त्यानंतर गरज पडली नाही, असं उत्तर आलं आणि डोळा लाल दिसला तर घासाघीस न करता घ्या. दर महिन्याला सगळ्यांना देतो, असं उत्तर आलं तर त्या कळपातला खरा जंत सोसणारा मेंढा कोणता, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तिथून रिकाम्या हातांनी परत या.